समासातली तक्रार

अमेरिकेतल्या कॅरी या गावातल्या आमच्या मराठी मंडळात माझ्याबद्दल एक वाक्य फिरतं. सुनंदाताईंनी एवढं सोसलं, पण एका शब्दानं तक्रार केली नाही. गणपतीच्या कार्यक्रमात हे मी माझ्या पाठीमागे तीनदा ऐकलं आणि एकदा तोंडावर. सांगणाऱ्याला वाटतं, तो माझा सत्कार करतो आहे. माझं मात्र डोकं फिरतं. एक तर ते पूर्ण खरं नाही. आणि जेवढं खरं आहे, तेवढ्यापायी मी मरता मरता वाचले.

म्हणून हे लिहायला बसले आहे. तुमच्या घरात आत्ता कुणी आजारी असेल, किंवा पेशंटच्या खुर्चीत तुम्हीच बसला असाल, तर तुमच्यासाठी. यात औषधांची नावं नाहीत, बीटाचा रस नाही, आणि 'पॉझिटिव्ह राहा' असं मी कुणालाही सांगणार नाही. मला ते इतक्यांनी सांगितलं, की शेवटी मी फोन उचलणं बंद केलं.

मी काय काम करत होते

बावीस वर्षं मी इथल्या एका हॉस्पिटलात दुभाषी होते, स्पॅनिशची. लोकांना आश्चर्य वाटतं. नागपूरची बाई, नवरा डॉक्टर, आणि ही स्पॅनिश कुठून शिकली? मुलगी शाळेत जायला लागली, घर रिकामं झालं, आणि कम्युनिटी कॉलेजात जो वर्ग सकाळच्या वेळेत होता तो मी घेतला, इतकंच. नंतर लक्षात आलं की आपल्याला हे जमतं आणि आवडतं. तंबाखूच्या शेतांवर, घरांच्या बांधकामांवर राबणारी माणसं हॉस्पिटलात यायची, आणि डॉक्टर आणि त्यांच्यामध्ये तिसऱ्या खुर्चीवर मी बसायची.

या कामाचे नियम साधे असतात. पेशंट जे बोलेल ते सगळं सांगायचं. आपलं काही घालायचं नाही, काही गाळायचं नाही, वाईट वाटेल म्हणून मऊ करायचं नाही. आणि पेशंटच्या तोंडून बोलायचं. 'तिला दुखतंय' असं नाही म्हणायचं, 'मला दुखतंय' म्हणायचं. बावीस वर्षांत मी हजारो वेळा 'मला दुखतंय' स्पॅनिशमध्ये ऐकून इंग्रजीत म्हटलं असेल. त्यातलं एकही दुखणं माझं नव्हतं.

आणखी एक नियम होता, आणि तो मी फार कडकपणे पाळायची. नातेवाइकांनी मध्ये बोलायचं नाही. बायकोला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर नवरा द्यायला लागला की मी हात वर करून म्हणायची, कृपया पेशंटला उत्तर देऊ द्या. एक गृहस्थ तर माझ्यावर ओरडले होते. बायकोला काही झालेलं नाही, तिचा स्वभावच घाबरट आहे, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना बाहेर बसवायला लावलं. त्या बाईचं अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं.

हे सगळं मला माहीत होतं, हे ध्यानात ठेवा.

निदानाचा दिवस

आतड्याच्या तपासणीचा निकाल सांगायला आम्हाला बोलावलं होतं. माझे यजमान, श्रीकांत, निवृत्त भूलतज्ज्ञ आहेत. चाळीस वर्षं त्यांनी लोकांना ऑपरेशनआधी झोपवलं आणि नंतर सुखरूप जागं केलं. फार नावाजलेले होते. त्यांचे पेशंट अर्थातच कधी बोलत नसत.

डॉक्टर तरुण होती. श्रीकांतही डॉक्टर आहेत असं कळताच तिची खुर्ची हळूच त्यांच्याकडे वळली. मग दोघं स्क्रीनकडे बघून बोलायला लागले. गाठ किती मोठी आहे, कुठे आहे, सर्जन कोण चांगला. कॅन्सर हा शब्द तिनं त्यांना सांगितला आणि मी शेजारी बसून ऐकला. जणू काही गाडी गॅरेजमध्ये आणली होती आणि मालकाला कळवायचं होतं.

शेवटी तिला आठवण झाली आणि तिनं मला विचारलं, तुम्हाला कसं वाटतंय? श्रीकांत म्हणाले, "शी इज डूइंग फाइन."

आणि मी मान डोलावली.

डॉक्टरचा राग मला आला, श्रीकांतचाही आला, पण सगळ्यात जास्त राग मला त्या मानेचा येतो. खोलीत तिसरी खुर्ची होती, रिकामी. त्या खुर्चीवर मी बसलेली असते तर हात वर केला असता.

परतताना गाडी श्रीकांत चालवत होते. फार्मसीसमोर थांबले, आत गेले आणि जाड पुठ्ठ्याची एक वही घेऊन आले. आता रोजच्या नोंदी ठेवायच्या, म्हणाले, आपण हे व्यवस्थित मॅनेज करू. मग घराकडचं रोजचं वळण ते चुकले. ते मी पाहिलं आणि म्हणून मी त्यांना काही बोलले नाही. ही माझी दुसरी चूक.

बिशप

आता या गोष्टीतला दुसरा पेशंट. तो वारून काही शतकं झाली.

निवृत्त झाल्यावर मी एका विद्यापीठासाठी घरबसल्या एक काम घेतलं होतं, हौशी लोकांना देतात तसलं. दक्षिण अमेरिकेत स्पेनचं राज्य होतं तेव्हाची हस्तलिखितं, त्यांचे फोटो कॉम्प्युटरवर येतात, आणि आपण ते वाचून जुन्या स्पॅनिशचा मजकूर टाइप करायचा. माझ्या वाट्याला एका बिशपच्या दौऱ्याची वही आली होती. डोंगराळ मुलखातला बिशप. दर काही वर्षांनी त्यानं खेचरावर बसून आपल्या हाताखालचं गावन् गाव बघायचं, मुलांना धर्मात पक्कं करायचं, पाद्री कसे वागतात ते तपासायचं, अशी पद्धत होती. सोबत त्याचा पुतण्या सचिव म्हणून असे. रोजची नोंद पुतण्या लिही.

हा माणूस तरुणपणी मिशनरी म्हणून जहाजातून आला, वीस वर्षं खेड्यांत राहिला, तिथल्या लोकांची भाषा शिकला, त्या भाषेत प्रवचनं लिहिली, आणि मग बिशप झाला. वाचून बरं वाटतं ना? मलाही वाटलं, सातव्या पानापर्यंत. सातव्या पानावर फोडलेल्या देवांची यादी होती. कापडात गुंडाळलेले दगड, ज्यांना घरातल्या बायका मक्याची पेज दाखवत. पूर्वजांचे जपून ठेवलेले देह, ते चौकात जाळले. माझ्या देवघरात सासूबाईंनी दिलेला देवीचा टाक आहे. हा बाबा माझ्या घरी आला असता तर त्यानं टाक वितळवला असता आणि पुतण्यानं तशी नोंद केली असती. मी लॅपटॉप बंद केला आणि चार दिवस उघडला नाही.

पाचव्या दिवशी उघडला, कारण ऑपरेशनची तारीख आली होती आणि मला दुसरं काहीतरी वाचायला हवं होतं. त्या दिवशी एका म्हातारीची साक्ष आली. गावातला जमीनदार तिच्या मुलांना कोंडून मागावर बसवायचा, एक तिथेच मेला. बिशपसमोर ती तिच्या भाषेत सांगत होती आणि दुभाषी ते स्पॅनिशमध्ये सांगत होता, जमीनदार समोरच बसलेला. दुभाष्यानं सांगितलं की म्हातारीला मुलांची आठवण येते. बिशपला ती भाषा येत होती. वहीत लिहिलं आहे की त्यानं टेबलावर काठी आपटली, दुभाष्याला उभं केलं आणि म्हातारी जे बोलली ते शब्दाला शब्द पुन्हा सांगायला लावलं. नंतर त्या जमीनदाराला त्यानं चर्चमधून बहिष्कृत केलं.

देव फोडणारा हाच आणि काठी आपटणाराही हाच. मला त्याला माफ करायचं नव्हतं, आजही करत नाही. पण माझ्या धंद्यातला सगळ्यात मोठा नियम या माणसाला ठाऊक होता. मी त्याच्यावर चिडत चिडत पुढे वाचत राहिले.

तिसरा दिवस

ऑपरेशन नीट झालं म्हणाले. पहिले दोन दिवस मी गुंगीत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी पोट दुखायला लागलं. टाक्यांचं दुखणं वेगळं असतं. हे आतून होतं आणि वाढत होतं.

नर्स आली. शून्य ते दहा या मापात किती दुखतंय, तिनं विचारलं. मी म्हणाले, "दोन."

का म्हणाले? मला हा प्रश्न नंतर सगळ्यांनी विचारला. कारण श्रीकांत शेजारी बसले होते आणि ते नर्सला अभिमानानं सांगत होते की हिची सहनशक्ती फार मोठी आहे, हिनं आमच्या रेवाच्या जन्माच्या वेळीसुद्धा हूं का चूं केलं नव्हतं. हे ते चाळीस वर्षं सांगत आले आहेत. माझ्याबद्दल त्यांना सगळ्यात जास्त आवडणारी गोष्ट हीच. आपल्या घरांत बाईला हे मेडल लहानपणी मिळतं आणि मग ते काढून ठेवायची सोय नसते. परक्या नर्ससमोर सात-आठ म्हणणं मला बोंबाबोंब केल्यासारखं वाटलं. दोन हा आकडा सभ्य वाटला.

दुपारी पुन्हा विचारलं, तेव्हा मी बोलायच्या आधी श्रीकांत म्हणाले, गॅस आहे, थोडं चालली की बरं वाटेल. सर्जनची टीम आली, त्यांनी श्रीकांतशी हस्तांदोलन केलं, श्रीकांतना विचारलं, श्रीकांतनी सांगितलं. मला त्यांनी कॉरिडॉरमध्ये चालवलं. मी चालले. तोंडावर हसू होतं. त्या हसण्याची मला आज शिसारी येते.

संध्याकाळी श्रीकांत कॉफी आणायला खाली गेले होते आणि खोली साफ करणारी बाई आली. तिचं नाव मार्ता. होंडुरासची, पन्नाशीची. मी कामावर असताना लिफ्टमध्ये आमचं कधीमधी बोलणं व्हायचं, त्यामुळे तिनं ओळखलं. मॉप भिंतीला टेकवून ती पलंगाजवळ आली, माझ्याकडे नीट बघितलं आणि स्पॅनिशमध्ये म्हणाली, बाई, तुमचा रंग मेणासारखा झालाय. दुखतंय का?

आणि स्पॅनिशमध्ये मी खरं बोलले. मला दुखतंय, फार दुखतंय, आठ, नऊ, मला श्वास घेता येत नाही. मला स्वतःलाच ते ऐकून धक्का बसला. मराठीत जे तोंडातून निघत नव्हतं, इंग्रजीत निघत नव्हतं, ते बावीस वर्षांच्या सवयीनं त्या भाषेत आपोआप निघालं. त्या भाषेत 'मला दुखतंय' मी रोज ऐकत आले होते आणि त्यातलं काही कधी गाळलं नव्हतं.

मार्तानं बटण दाबलं नाही. ती सरळ बाहेर गेली आणि नर्सला हाताला धरून घेऊन आली. दोन तासांत मी पुन्हा ऑपरेशन थिएटरमध्ये होते. आतड्याचा आतला जोड सुटला होता, पोटात विष पसरत होतं. सर्जन नंतर म्हणाले की आणखी अर्धा दिवस गेला असता तर काही सांगता आलं नसतं.

ज्या डॉक्टरांनी माझा जीव वाचवला त्यांची मी आभारी आहे. पण मला कुणी विचारलं की तुमचं दुखणं ओळखलं कुणी, तर मी मार्ताचं नाव सांगते. हॉस्पिटलच्या समाधान-पाहणीच्या फॉर्मवर तिच्यासाठी रकाना नव्हता. मी मागच्या पानावर लिहिलं.

वही

दुसऱ्या ऑपरेशननंतर मी जागी झाले तेव्हा पोटावर शौचाची पिशवी होती. काही महिने राहील, मग काढू, म्हणाले. पिशवीबद्दल मी जास्त लिहीत नाही. ती बदलायला शिकवणारी नर्स दयाळू होती, आणि पहिल्या वेळी मी रडले तेव्हा ती घाई न करता नुसती बसून राहिली.

घरी आल्यावर एका दुपारी श्रीकांत दुकानात गेले होते आणि गोळीची वेळ बघायला मी त्यांची वही उघडली. सुंदर अक्षर, तारीखवार, ताप, नाडी, जेवण. तिसऱ्या दिवसाचं पान काढलं. तिथे इंग्रजीत लिहिलं होतं: आरामात आहे. चालली. तक्रार नाही.

माझ्या पोटात विष पसरत होतं त्या दिवसाची ही नोंद. आणि तसंच खाली, चौथ्या दिवशी: प्रकृती गंभीर, पण धीरानं घेते आहे, तक्रार नाही. मी मेले असते तर हीच वही राहिली असती. मंडळाच्या शोकसभेत कुणीतरी तिच्यातून वाचून दाखवलं असतं.

श्रीकांत आले तेव्हा मी वही समोर ठेवली आणि हे काय आहे, विचारलं. ते म्हणाले, तूच तर दोन म्हणालीस. खरं होतं. म्हणूनच मी आणखी चिडले.

समास

त्या आठवड्यात मी बिशपकडे परत गेले. वहीचा शेवटचा भाग राहिला होता. बिशप आजारी पडला होता. पुतण्याच्या नोंदींत ते कुठे नीट येत नाही. रोज तेच ठरलेलं: महाराज प्रसन्न आहेत, अमुक गावात मुलांना आशीर्वाद दिले, उद्या पुढच्या गावी निघू. फक्त गावं जवळजवळ येत जातात, म्हणजे दिवसाकाठी रस्ता कमी कापला जात होता.

पण समासात दुसरं अक्षर होतं. बारीक, वेडंवाकडं, उतरतं. माझ्याआधी ज्या कुणी हौशी माणसानं ही पानं घेतली होती, त्यानं तिथे सगळीकडे 'अवाच्य', म्हणजे वाचता येत नाही, अशी खूण करून ठेवली होती. तसं करायची परवानगी असते. मी मात्र हट्टाला पेटले. फोटो मोठे केले, अक्षर अक्षर जुळवलं. पिशवीची सवय होत नव्हती, जेवण जात नव्हतं, पण हे काम मी रोज करत होते. तीन आठवडे लागले.

ते बिशपचं स्वतःचं अक्षर होतं. पुतण्यानं 'प्रसन्न' लिहिलं त्याच्या शेजारी त्यानं लिहिलं होतं की हे खोटं आहे. पुढच्या पानावर, पोटात आग आहे, तीन दिवस अन्न राहिलं नाही. त्यापुढे, मला खाली उबदार मुलखात न्या, मी हे दोनदा सांगितलं. मग खेचराबद्दल एक शिवी. मग पुतण्याबद्दल एक, ती मी इथे देत नाही. मग काही पानं नुसत्या रेघा. नंतर समास कोरा.

शेवटच्या पानावर पुतण्याच्या सुबक अक्षरात मृत्यूची नोंद आहे. एका थंड गावात, तक्रारीचा एक शब्द न काढता, संतासारखा देह ठेवला.

मी खोलीत एकटी होते आणि मोठ्यानं शिवी दिली, मराठीत, माझ्या वडिलांची आवडती. त्याच्या नंतर कुणीतरी त्याचं चरित्र लिहिलं, ते मी शोधून वाचलं. त्यात आजारपणावर अख्खं प्रकरण आहे आणि ते सगळं पुतण्याच्या नोंदीवरून. माणूस ओरडत होता, स्वतःच्या हातानं लिहून ठेवत होता, आणि लोकांनी त्याला शांत करून टाकलं. ज्यानं म्हातारीसाठी काठी आपटली, त्याच्यासाठी आपटायला कुणी नव्हतं. त्याचे अपराध मी विसरले नाही. पण आजारी माणसाचं तोंड दाबून मग त्याला संत म्हणायचं, यासारखा हलकटपणा मला दुसरा माहीत नाही.

सगळ्या 'अवाच्य' खुणा मी काढून टाकल्या आणि त्याच्या तक्रारी एकूण एक टाइप केल्या. शिव्यांसकट.

बोटं

मग केमो सुरू झाली. दर दोन आठवड्यांनी, बारा वेळा. श्रीकांतनी फ्रिजवर बारा चौकोनांचा तक्ता लावला होता. चौथ्या वेळेनंतर माझ्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. फ्रिजमधलं दूध हातात घेतलं की झटका बसायचा. सहाव्यानंतर मुंग्या जाईनात. ब्लाऊजची बटणं लागेनात. एकदा कोथिंबीर चिरताना फळीवर लाल दिसलं तेव्हा कळलं की बोट कापलं आहे. कॉम्प्युटरवर टाइप करताना कळ दाबली गेली की नाही हे बघून ठरवावं लागायचं.

हे श्रीकांतना मी सांगितलं. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, हे होतंच, नंतर कमी होतं, आपण बारा पूर्ण करायच्या. मला कळत होतं, ते का म्हणत होते. त्या बारा चौकोनांवर त्यांनी माझा जीव टांगला होता, आणि एक जरी रिकामा राहिला तर मी जाईन अशी त्यांना भीती होती. ते वाईट नाहीत. माझी पिशवी गळली तेव्हा त्यांनी एक शब्द न बोलता चादर बदलली. पण प्रत्येक तपासणीला त्यांची तीच टेप वाजायची, शी इज टॉलरेटिंग इट व्हेरी वेल, आणि केमोच्या डॉक्टर खूण करून पुढे जायच्या.

रेवा, आमची मुलगी, दूर पश्चिमेला डोंगरातल्या एका पार्कमध्ये रेंजर आहे. मी तिला फोनवर रडून दाखवलं. ती म्हणाली, "आई, यू डिड दिस फॉर अ लिव्हिंग. दुसऱ्यांसाठी केलंस. व्हाय नॉट फॉर यू?" मी म्हणाले, तुझ्या बाबांसमोर माझ्या तोंडातून निघत नाही. ती म्हणाली, "देन गेट वन."

म्हणजे काय, ते कळायला मला अख्खी रात्र लागली नाही. पाच मिनिटं लागली.

तिसरी खुर्ची

आठव्या वेळेच्या आधीची तपासणी. खोलीत मी, श्रीकांत, मांडीवर वही. डॉक्टर आत आल्या आणि त्यांनी नेहमीप्रमाणे दोघांकडे बघून विचारलं, काय म्हणतंय?

मी म्हणाले की मला दुभाषी हवा आहे. मराठीचा.

डॉक्टर गोंधळल्या. तुमचं इंग्रजी तर उत्तम आहे, म्हणाल्या. श्रीकांत हसले, त्यांना वाटलं मी गंमत करते आहे. मी म्हणाले की मागितला तर हॉस्पिटलला कायद्यानं द्यावा लागतो, हे मला चांगलं माहीत आहे, आणि मी थांबेन. त्या बाहेर गेल्या. श्रीकांत मराठीत हळूच म्हणाले, "अगं, काय हे? मी आहे ना."

"तुम्ही आहात म्हणूनच," मी म्हणाले.

नर्सनं चाकांच्या स्टँडवर स्क्रीन आणून ठेवला. स्पॅनिश लगेच मिळतं, मराठीला बारा मिनिटं लागली. चित्र आलं नाही, नुसता आवाज आला. तरुण बाईचा, हेल कोल्हापूरकडचा. तिनं नाव सांगितलं नाही, नंबर सांगितला, तसाच नियम असतो. मग म्हणाली, "नमस्कार. तुम्ही जे बोलाल ते सगळं मी इंग्रजीत तसंच सांगेन. मी काही गाळणार नाही आणि काही घालणार नाही."

बावीस वर्षं हे वाक्य मी लोकांना सांगितलं. मला कुणी पहिल्यांदाच सांगत होतं, आणि तेही माझ्या भाषेत. माझ्या डोळ्यांना धार लागली.

डॉक्टरांनी विचारलं, केमो कशी सोसवते आहे? श्रीकांत सवयीनं म्हणाले, "शी इज टॉलरेटिंग..."

स्क्रीनमधून आवाज आला, शांत, इंग्रजीत. मी दुभाषी बोलते आहे. कृपया पेशंटला उत्तर देऊ द्या.

श्रीकांतनी तोंड मिटलं. मी बोलायला लागले. बोटांचं सांगितलं. कोथिंबिरीचं, रक्ताचं. पायांखाली जमीन लागत नाही, जिना उतरताना भीती वाटते. मला काम करायचं आहे, माझं काम बोटांचं आहे, ती मला वाचवायची आहेत. एकेका वाक्यामागून ती बाई इंग्रजीत 'मी' म्हणत माझं दुखणं सांगत होती, एक शब्द मऊ न करता. मग मी ते सांगितलं जे डॉक्टरांनी विचारलंच नव्हतं.

"हॉस्पिटलात तिसऱ्या दिवशी मला नऊ दुखत होतं आणि मी दोन म्हणाले. माझा नवरा शेजारी बसून माझं कौतुक करत होता. त्याच्या कौतुकासाठी मी मरणार होते."

मग तो आवाज किंचित ओला होऊन म्हणाला, "इट वॉज नाइन. आय सेड टू." आणि पुढचंही सगळं, जसंच्या तसं.

डॉक्टरांना हे इंग्रजीत मीही सांगू शकले असते. त्यांना कळलं असतं, त्यांनी लिहून घेतलं असतं. पण मला ते आमच्या घरात कळायला हवं होतं. श्रीकांतनी ते आधी मराठीत ऐकलं आणि मग एका परक्या बाईच्या तोंडून पुन्हा ऐकलं, तेव्हा त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ हातात धरून ठेवला. डॉक्टरांनी खुर्ची माझ्याकडे ओढली. बोटं मारणारं औषध त्या दिवसापासून बंद केलं, बाकीचं चालू ठेवलं. हे पहिल्यांदा मुंग्या आल्या तेव्हाच सांगायला हवं होतं, असं त्या म्हणाल्या. मी म्हणाले, सांगितलं होतं, फक्त ते तुमच्यापर्यंत आलं नाही.

बोटं अजून पूर्ण परत आलेली नाहीत. पिशवी गेली. शेवटची तपासणी चांगली आली. हे लिहिताना कळा बघून दाबते आहे.

त्या दिवशी पार्किंगमध्ये श्रीकांतनी गाडी सुरू केली नाही. वही उघडली, तिसऱ्या दिवसाचं पान काढलं आणि पेन माझ्याकडे केलं. नोंदीच्या शेजारच्या कोऱ्या पट्टीवर बोट ठेवून म्हणाले, "इथे तू लिही. खरं काय ते."

मी त्या पट्टीकडे पाहिलं. दोन बोटं रुंद होती. कुणीतरी पुढे येऊन तिथे अवाच्य अशी खूण करेल, एवढीच जागा.

"समासात मी लिहिणार नाही," मी म्हणाले. "नवीन पान घ्या. मी बोलते, तुम्ही लिहा. आणि शब्द बदलायचा नाही."

त्यांनी पान उलटलं आणि पेनचं टोपण काढलं. मग, चाळीस वर्षांत पहिल्यांदा, मला विचारलं, "कुठे दुखतंय?"

मी निदानाच्या दिवसापासून सुरुवात केली.